खर्डा

पहिलं वाक्य मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं:
'मेस चालवणाऱ्या सर्व स्त्रिया अर्थातच शोषित आहेत.'
पूर्णविराम असा ठोकला
जसा गोठ्यात खुंटा.

तांबोळी मॅडमनी समासात
हिरव्या पेन्सिलीनं एवढंच लिहिलं:
कशावरून?

विद्यापीठ ते गांजवे चौक, बसमध्ये उभ्यानं,
तो शब्द मी खड्यासारखा चावत आले.
कशावरून म्हणजे काय! दिसत नाही का?
गडहिंग्लजला आमच्या वक्तृत्व स्पर्धेत
असलं कुणी विचारायचं नाही.
आवाज चढवला की ढाल मिळायची.
तीन ढाली आहेत घरी, टीव्हीवर.

'रात्रभर दिवा कसला गं तुझा?' कुदळे काकूंनी विचारलं.
'खर्डा करतेय काकू. दुसरा.'
'मिरच्या कुठनं आणल्यास?'
मग दोघी हसलो, आणि त्या म्हणाल्या,
'वाटताना घाई करू नकोस मात्र,
बिया तशाच राहतात.'

म्हणून वही घेऊन त्यांच्या ओट्याजवळ बसले.
साडेचारला कणीक.
पोळ्या दोनशे साठ, सोमवारी तीनशे,
कारण रविवारी गावाला गेलेली पोरं
सोमवारी उपाशी परततात.
सिलिंडर अडीच दिवस.
एक मुलगा पूर्वपरीक्षेत नापास झाला
आणि चार हजार बुडवून गेला.
त्याचा नंबर काकूंकडे आहे. लावलेला नाही.
हे कुठल्या रकान्यात लिहू
ते मला अजून कळलेलं नाही.

सातव्या दिवशी धीर करून
माझं वाक्य त्यांना वाचून दाखवलं.
पोळपाटावरची नजर न काढता म्हणाल्या,
'शोषित म्हणजे?'
मी सांगितलं, संदर्भासकट.
'अस्सं. मग ते यल्लूला विचार.'

यल्लू जनता वसाहतीतून पायी येते.
भांडी, फरशी, दोन वेळा.
दिवाळीत मेस बंद, पगारही बंद.
'काकू चांगल्या आहेत,' ती म्हणाली,
आणि नळ मोठा केला.
त्या पाण्याच्या आवाजात
माझा पूर्णविराम उपटला गेला.

तिसऱ्या खर्ड्यावर मॅडम म्हणाल्या,
'विरोधी बाजूला बसायला खुर्ची दे.
उभं ठेवून वाद घालू नये.'
'पण मॅडम, ती बसली की उठतच नाही.'
'मग तिच्यासकट लिही.'

'अर्थातच' अकरा ठिकाणी निघाला,
आणि अकराही ठिकाणी
मला नक्की माहीत नव्हतं.
'सर्व' काढला. 'नेहमी' काढला.
पानं बारीक झाली, परीक्षेच्या आधी
अभ्यासिकेतली पोरं होतात तशी.
उरलं ते एवढं:
'मी सात आठवडे पाहिलेल्या नवी पेठेतल्या एका मेसमध्ये
ज्याला कुणी बिल बुडवतं, त्याचा भार
एक पायरी खाली सरकतो.'

सरकतो. रात्री दीड वाजता
या क्रियापदाशी मी थांबले.
सरकवतं कोण?

ओट्यावर काकूंची उधारीची वही होती.
पाहायची परवानगी त्यांनीच दिलेली,
संशोधनासाठी.
पान उलटलं. माझं नाव.
जून. जुलै. ऑगस्टपुढे
काकूंनी रेघसुद्धा ओढली नव्हती,
नुसती जागा सोडली होती.

चौथ्या खर्ड्यात, सगळ्यात बारीक अक्षरात,
मी तळटीप घातली:
संशोधिका या मेसचं तीन महिन्यांचं देणं लागते.

बुधवारी कागद परत आले.
कुठंच 'कशावरून' नव्हतं.
फक्त त्या तळटिपेपासून
पहिल्या पानापर्यंत ओढलेला
एक लांब हिरवा बाण,
आणि बाणापाशी:
हे वर घे.